इंग्रजीच्या वहीत लपवलेली सुवार्ता : आमच्या मिशन समितीला खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब, सेक्रेटरीसाहेब आणि मिशन समितीच्या सर्व बंधुभगिनींनो,

सलाम.

गेल्या रविवारी मराठी उपासनेत दानार्पण झाल्यावर सूचना वाचण्यात आली, की दिवाळीच्या सुट्टीत आपल्या मंडळीची सोळा जणांची तुकडी पुन्हा नेपाळला जाणार आहे, तिथे ‘फ्री इंग्लिश स्पीकिंग कॅम्प’ घेणार आहे आणि इच्छुकांनी तरुण संघाकडे नावं द्यावीत. उन्हाळ्यात पहिली तुकडी जाऊन आली, तिथे काय घडलं यावर मात्र एका शब्दाची चर्चा झाली नाही. पडद्यावर फोटो दाखवले, टाळ्या झाल्या, पुढचा महिना ठरला.

त्या पहिल्या तुकडीत मी होते. परत आल्यावर दोन वेळा समितीला लेखी कळवलं, साधी पोचसुद्धा आली नाही. म्हणून आता हे उघडपणे लिहिते आहे. आधी मंडळीनं वाचावं. मंडळीबाहेरच्यांनीही वाचलं तर माझी हरकत नाही, कारण बेळगावचे ख्रिस्ती लोक परमुलखात जाऊन कसे वागतात हा प्रश्न आपल्या चार भिंतींत राहणारा नाही.

बहुतेकजण मला ओळखतात. मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवली. आमच्या भागातल्या मुलांच्या डोक्यावर मराठी, कानडी, इंग्रजी आणि वर हिंदी असं चार भाषांचं ओझं असतं. त्यांतली इंग्रजी आली तर पोरगं पुण्याला कंपनीत लागेल, ही आई-बापांची आशा मी वर्षानुवर्षं पालकसभेत डोळ्यांनी पाहिली आहे. खानापूर तालुक्यातली बाई शेतातलं काम टाकून, बस बदलून, पोराची चाचणीची उत्तरपत्रिका घेऊन माझ्यापुढे उभी राहायची आणि तिला स्वतःला त्यातलं एक अक्षर वाचता यायचं नाही. इंग्रजी शिकवतो म्हणणाऱ्यावर गरीब माणूस किती भरवसा टाकतो, हे मला त्या बायांनी शिकवलं.

आणि मी ख्रिस्ती आहे. आमच्या घरातली चौथी पिढी. प्रभूची साक्ष द्यायला माझा विरोध नाही. तो असता तर वयाच्या साठाव्या वर्षी पुणे, गोरखपूर, सरहद्दीवरचं सोनौली असा प्रवास करून मी नेपाळच्या तराईतल्या, म्हणजे सखल पट्ट्यातल्या, त्या गावात गेलेच नसते. गावाचं नाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

तिथे काय झालं ते सांगते.

गावातल्या शाळेनं एक खोली दिली होती. सकाळी शाळेआधी दोन तास वर्ग. पत्रकावर फक्त मोफत इंग्रजी बोलण्याचा वर्ग, भारतातले शिक्षक, एवढंच होतं. आपण मंडळीकडून आलो आहोत हे त्यावर कुठेच नव्हतं. निघण्याआधी आम्हाला जी सूचनांची चोपडी दिली तिच्यात मात्र दिवसवार लिहिलं होतं, की पहिले तीन दिवस मैत्री करा, चौथ्या दिवशी सुवार्ता सुरू करा, तोवर ‘चर्च’ हा शब्द वापरू नका. ती चोपडी माझ्या हाती गाडीत पडली. वाचल्यावर मी तिथेच विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. ती चूक माझी, आणि हे पत्र लिहिताना ती मला टोचते आहे.

पहिले तीन दिवस फार चांगले गेले. मुलं हुशार, अक्षर सुरेख. लिपी देवनागरीच असल्यामुळे मी त्यांच्या वहीतले नेपाळी शब्द वाचायचे आणि ती हरखून जायची. आम्ही कामधंद्याची वाक्यं घेतली. ‘आय ॲम अ स्टुडंट. माय फादर इज अ ड्रायव्हर.’ अर्ध्या वर्गाचे वडील कतारला, नाहीतर मलेशियाला. एका मुलाचा काका भारतात वॉचमन होता. कुठे ते त्याला ठाऊक नव्हतं, पण आमच्या कॉलनीतला रात्री काठी आपटत फिरणारा माणूस मला आठवला.

चौथ्या दिवशी आपल्या टीमच्या पुढाऱ्यांनी रंगीत मण्यांचे दोरे आणले. काळा मणी म्हणजे पाप, लाल म्हणजे रक्त, पांढरा म्हणजे शुद्धता, हिरवा म्हणजे वाढ, पिवळा म्हणजे स्वर्ग. आपण संडे स्कूलमध्ये हेच शिकवतो आणि तिथे त्यात काही वावगं नाही. पण इथे त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘आय ॲम अ सिनर’, आणि उच्चाराचा सराव म्हणून सगळ्या वर्गाकडून मोठ्यानं म्हणवून घेतलं. पोरं जोरात म्हणाली. इंग्रजीचा तास होता, बाईंनी-सरांनी म्हणा म्हटलं की म्हणायचं. मग पुढाऱ्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं, येशूला हृदयात कोण घेणार, हात वर करा. सगळ्यांनी हात वर केले. आमच्या शाळेतही ‘कोण कोण’ असं विचारलं की पुढचं ऐकायच्या आत हात वर होतात.

दुसऱ्या दिवशी तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी वही घेऊन माझ्यापाशी आली. तिनं पानावर पट्टीनं दोन रकाने आखले होते, डावीकडे इंग्रजी वाक्य, उजवीकडे नेपाळी अर्थ. स्टुडंटपुढे विद्यार्थी, ड्रायव्हरपुढे चालक, फार्मरपुढे किसान. चौथी ओळ ‘आय ॲम अ सिनर’ आणि तिच्यापुढचा रकाना कोरा. त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून तिनं विचारलं, “मिस, यो के काम हो?” हे कसलं काम असतं?

मला उत्तर देता आलं नाही. पापाची जाणीव ही माणसाच्या आयुष्यातली सर्वांत खासगी, सर्वांत जड गोष्ट. ती या मुलीकडून आपण ड्रायव्हर आणि किसान यांच्या रांगेत पाठ करून घेतली. आणि बेळगावात परतल्यावर अहवालात लिहिलं, ‘41 मुलांनी प्रभूचा स्वीकार केला.’ त्या एकेचाळीसांत ती मुलगी मोजलेली आहे. माझी पहिली तक्रार हीच. हा आकडा खरा नाही आणि तो देवाच्या घरात वाचला गेला.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे.

नेपाळच्या 2015 च्या संविधानात कलम 26 धर्मस्वातंत्र्य देतं, पण त्याच कलमात दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. 2017 च्या फौजदारी संहितेचं कलम 158 ऑगस्ट 2018 पासून लागू आहे. धर्मांतर घडवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर. हा कायदा मला न्याय्य वाटत नाही. पण तिथल्या विश्वासणाऱ्यांना रोज त्याच्याखाली जगावं लागतं, तुम्हा-आम्हाला नाही. आपल्याला यजमान म्हणून लाभलेल्या तिथल्या पाळकांनी आपण निघण्याआधीच फोनवर सांगितलं होतं, की वर्गात प्रार्थना घेऊ नका, कुणाला काही विचारायचं असेल तर शनिवारी उपासनेला येतील. तिथे सुट्टी शनिवारी, म्हणून मंडळी शनिवारी जमते. आपल्या पुढाऱ्यांनी ‘हो’ म्हटलं आणि चौथ्या दिवशी जे केलं ते वर सांगितलंच आहे.

आम्ही सोनौली ओलांडून गोरखपूरला गाडीत बसलो. तो पाळक तिथेच राहिला. पुढच्या आठवड्यात वॉर्ड कार्यालयानं त्याला बोलावलं, दोन दिवस बसवून ठेवलं, लिहून घेतलं. शाळेनं खोली काढून घेतली. त्याच खोलीत तो गावातल्या सगळ्या मुलांची, हिंदू, बौद्ध, कुणाचीही, संध्याकाळी गणिताची शिकवणी घ्यायचा. ती बंद पडली. त्यानं मला फोन केला तेव्हा रागावलाही नाही. म्हणाला, “जय मसीह दिदी, आता काही दिवस कुणाला पाठवू नका.” हा निरोप मी समितीला पहिल्याच पत्रात कळवला होता. त्यानंतर तुम्ही दिवाळीचा बेत केला आहे. आपली दिवाळी म्हणजे तिथला तिहार. भाइटीकेच्या, म्हणजे तिथल्या भाऊबीजेच्या, आठवड्यात बहिणी भावांना सोडून आपल्या कॅम्पला येणार नाहीत, एवढीसुद्धा चौकशी कुणी केली नाही.

आता जरा आपल्या घरातलं.

डिसेंबर 2021 मध्ये आपल्याच बेळगावात, सुवर्ण विधानसौधात, धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झालं आणि पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. ‘आमिष’ कशाला म्हणायचं याच्या व्याख्येत धार्मिक संस्थेच्या शाळेतलं मोफत शिक्षणही घातलं होतं. तेव्हा आपण किती दुखावलो होतो, आठवतं ना? आमच्या शाळा म्हणजे आमिष? ज्या शाळांतून सगळ्या जातिधर्मांची मुलं शिकून मोठी झाली, त्या? मी निवेदनावर सही केली होती. आपल्यातल्या बहुतेकांनी केली होती. आपण जीव तोडून सांगत होतो, की आम्ही शिक्षण देतो ते शिक्षण म्हणूनच देतो, आत गळ लपवत नाही.

मग त्या गावातलं पत्रक काय होतं? उद्या कुणी ते पत्रक आणि ती दिवसवार चोपडी शेजारी शेजारी ठेवून मला विचारलं, बाई, तुमची ती सही खरी की हे खरं, तर मी काय सांगू? सरहद्दीच्या अलीकडे ज्या आरोपानं आपण घायाळ होतो तीच गोष्ट पलीकडे स्वतः करतो. यामुळे उद्या इथल्या आपल्या शाळांकडेही लोक संशयानं पाहतील, आणि त्याची झळ तिथे राबणाऱ्या शिक्षिकांना बसेल. समितीला नाही.

आपला स्वतःचा इतिहास तरी आठवा. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर 1820 साली बेळगावात आले. बाबा पदमनजी 1831 साली याच बेळगावात जन्मले आणि इथल्या मिशनच्या शाळेत शिकले. शाळा कुणाची, तिथे काय शिकवतात, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्यांच्या घरच्यांनी जाणूनबुजूनच पाठवलं होतं. बाप्तिस्मा त्यांनी घेतला 1854 साली, पुन्हा इथेच. मधली कितीतरी वर्षं वाचन, वाद, शंका, घरच्यांची समजूत यांत गेली होती. तेविसाव्या वर्षी, सगळ्यांच्या देखत, किंमत मोजून. तीनच वर्षांत त्यांनी ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी लिहिली आणि विधवांचं दुःख मराठीत मांडलं. चौथ्या दिवशी हात वर करायला लावून असा माणूस तयार होत नाही.

आणखी मागे जायचं तर चोर्ला घाट उतरून गोव्यात जा. फादर स्टीफन्स जन्मानं इंग्रज. 1579 साली आले. मनात आणलं असतं तर त्यांनाही इंग्रजीचा वर्ग काढता आला असता. त्यांनी आपली भाषा शिकायला बसून अनेक वर्षं घालवली आणि 1616 साली ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत छापून दिलं. ज्याला सुवार्ता सांगायची त्याची भाषा आधी शिकायची, हा धडा आपल्याला आपल्याच मातीत मिळालेला आहे. आपण सीमाभागातली माणसं. आपल्या भाषेत आपल्याशी कुणी बोललं की काय वाटतं आणि परकी भाषा वरून लादली की काय वाटतं, हे आपल्याइतकं कुणाला कळतं? तरी आमच्या तुकडीतल्या एकालाही नेपाळीत धड दहा वाक्यं येत नव्हती, मलासुद्धा.

खुद्द नेपाळमध्येही उघडपणे काम करणारे आहेत. युनायटेड मिशन टू नेपाळ 1954 पासून तिथे आहे. नावातच मिशन. धर्मांतर करणार नाही असा करार सरकारशी करून त्यांनी दवाखाने चालवले, शाळा चालवल्या. तानसेनचं त्यांचं हॉस्पिटल आम्ही राहत होतो त्या भागातून डोंगर चढून गेलं की लागतं. तिथे बरा होऊन आलेला माणूस ‘मिशनमध्ये गेलो होतो’ असं सहज सांगतो. त्यात त्याला फसवणूक वाटत नाही, कारण कुणी काही लपवलेलं नाही.

साक्ष द्यायला संधी मिळत नाही म्हणून युक्ती करावी लागते, असं आपल्या पुढाऱ्यांचं म्हणणं. मला तसा अनुभव नाही. आम्हा बायकांची सोय ज्या घरी होती तिथल्या मालकीणबाई रोज संध्याकाळी मला ताटावर डोकं वाकवताना पाहायच्या. सहाव्या-सातव्या दिवशी चुलीपाशी बसून त्यांनी विचारलं, डोळे मिटून काय म्हणता? मी सांगितलं. मग त्यांनी नवऱ्याबद्दल विचारलं. तेही सांगितलं, की ते गेले त्या वर्षी मी प्रार्थना करू शकत नव्हते, नुसती बसायचे आणि तेविसावं स्तोत्र पुटपुटायचे. मराठीतच म्हणून दाखवलं. त्यांना निम्मं कळलं. त्या गप्प झाल्या आणि मग मलेशियाहून पेटीत घालून आणलेल्या आपल्या थोरल्या मुलाबद्दल बोलल्या, बराच वेळ. निघताना मी बेळगावहून नेलेल्या कुंद्याचा उरलेला डबा त्यांना दिला, त्यांनी मला डाळ-मसाल्याची पुडी बांधून दिली. त्या आजही फोन करतात. त्या ख्रिस्ती झालेल्या नाहीत, पुढेमागे होतील का, मला माहीत नाही. अहवालात घालायला त्यात आकडा नाही. पण माझ्या आयुष्यात मी मनापासून दिलेली साक्ष ती होती. पेत्र म्हणतो ना, तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यपणे? विचारलं तर. आणि पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्रात लिहितो, की लाजेच्या गुप्त गोष्टी आम्ही टाकल्या आहेत, कपटानं वागत नाही. हा अध्याय आपल्या मंडळीत किती वेळा वाचून झाला असेल.

एक बोलणं शिक्षिका म्हणून. तीन आठवड्यांत, रोज दोन तासांत, मुलांना इंग्रजी येत नाही. बोलायची भीती थोडी मोडता येते, तीही शिकवणाऱ्याला शिकवता येत असेल तर. आमच्या तुकडीत वर्गावर उभं राहिलेली मी एकटी. बाकीची पोरं गुणी, पण फळ्याकडे तोंड करून बोलत होती आणि तिसऱ्या दिवसापासून शिकवायचं काय हे त्यांना सुचत नव्हतं. मण्यांचे दोरे बाहेर निघाले त्याला हेही एक कारण आहे, असं मला वाटतं. देवाचं काम म्हणून अर्धवट शिकवलेलं चालतं ही समजूत मला सहन होत नाही.

माझं मागणं असं आहे.

दिवाळीची तुकडी रद्द करा. तिथल्या पाळकांना पत्र लिहून समितीनं माफी मागावी, आणि ते स्वतः बोलावतील तेव्हाच, ते सांगतील तेव्हा आणि तितक्याच लोकांनी जावं.

एकेचाळीसचा आकडा अहवालातून काढा आणि काढल्याचं उपासनेत वाचून दाखवा. वर्गातल्या मुलांचे फोटो आपल्या पानांवरून आणि ग्रुपवरून उतरवा. त्यांच्या आई-बापांना आपण विचारलेलं नाही, आणि त्या फोटोंमुळे तिथे कुणावर काय येईल सांगता येत नाही.

पुढे कधीही, कुठेही इंग्रजीचा वर्ग घेतला तर पत्रकावर पहिल्या ओळीत आपल्या मंडळीचं नाव घाला. इंग्रजीच्या तासात इंग्रजीच शिकवा. विश्वासाबद्दल बोलायचं ते वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी, जो स्वतःहून येईल त्याच्याशी, तिथल्या कायद्यात बसेल तेवढं. अठरा वर्षांखालच्या मुलांशी तर आई-बापांच्या परवानगीशिवाय अजिबात नाही. ती चोपडी मागे घ्या.

आणि जाणाऱ्यानं निदान सहा महिने शिकवायची तयारी केलेली असावी आणि त्या देशाची भाषा कामापुरती बोलता यावी. ही तयारी करून घ्यायला मी तयार आहे. दर शनिवारी दुपारी तीन वाजता माझ्या घरी, फळा आहे, खडू आहे, पैसे नकोत. बेळगावात नेपाळहून आलेली कितीतरी कुटुंबं राहतात. त्यांच्यातल्या कुणाला मानधन देऊन नेपाळी शिकवायला बोलावू. इंग्रजी शिकवायची हौस असलेल्यांसाठी त्याच कुटुंबांतली मुलं इथेच आहेत, आपल्याच शाळांत चार भाषांशी झगडत असलेली. त्यांना शिकवायला सरहद्द ओलांडावी लागत नाही.

तुकडीसाठी माझं नाव मी देत नाही. दोन आठवड्यांनी, उपासनेनंतरच्या मासिक सभेत हा विषय घ्यावा अशी लेखी मागणी मी या पत्रासोबत करते आहे. त्या मुलीच्या वहीच्या पानाचा फोटो मी तिला विचारून काढला होता. कुठेही टाकलेला नाही. सभेला येताना तो घेऊन येईन. चौथ्या ओळीपुढचा रकाना अजून कोराच आहे. तिथे काय लिहायला सांगायचं ते समितीनं मला सांगावं.

प्रभूमध्ये आपली,
मंडळीची एक सभासद आणि निवृत्त इंग्रजी शिक्षिका
बेळगाव